कोनाचीं मापें व त्यांचें परस्पर रूपांतर

जमिनीची मोजणी म्हटली म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें साखळी उभी राहते. कोन उभा राहत नाहीं. आणि तें साहजिकच आहे. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर व आर असतात, जुन्या टिपणांत साखळ्या व आणे असतात, खरेदीखताच्या चतुःसीमेंत पूर्वेस अमुक व दक्षिणेस तमुक असतो. परंतु अंश कोठेंच लिहिलेला आढळत नाहीं. शंकु-साखळीच्या मोजणींत शंकूला सुद्धां एकच कोन ठाऊक असे, तो म्हणजे काटकोन. त्यामुळें शाळेंत शिकलेलें कोनाचें प्रकरण शाळेबरोबरच विसरून गेलें, तरी आजवर शेतकऱ्याचें कांहीं अडलें नाहीं.

आतां मात्र तें अडूं लागलें आहे. मोबाईलवर शेताचें छायाचित्र घेतलें कीं त्याखालीं अक्षांश-रेखांशाचे आंकडे उमटतात. मृदसंधारणाच्या कागदांत जमिनीचा उतार शेंकडेवारीनें विचारतात. सौरपंपाच्या पाट्या बसविणारा मनुष्य अठरा डिग्रीची गोष्ट बोलतो. हे सर्व कोनच होत. परंतु प्रत्येकाचें माप निराळें. आणि एका मापाचा आंकडा दुसऱ्या मापाच्या रकान्यांत जाऊन बसला, तर शेत जागचें हलतें, बांध फुटतो, किंवा भावाभावांत तंटा उभा राहतो. अशा एका तंट्याच्या निमित्तानेंच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

वेल्हे तालुक्यांतील (या तालुक्याचें नांव आतां राजगड असें झालें आहे, आमच्या लेखणीला जुनें नांव सुटत नाहीं) एका डोंगराळ गांवचे दोघे भाऊ आमच्याकडे आले. त्यांच्या वरकस जमिनीची वाटणी झालेली असून धाकट्याच्या वांट्यास जुन्या हिशेबानें साडेसदतीस गुंठे आले होते. थोरल्यानें एके दिवशीं टेप धरून धाकट्याचा तुकडा मोजला. आडवी रुंदी १६५ फूट, म्हणजे ५ साखळ्या. उतारावरून खालवर लांबी २६४ फूट, म्हणजे ८ साखळ्या. साखळी ३३ फुटांची व चौरस साखळीचा एक गुंठा, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पांच आठे चाळीस गुंठे झाले.

“भाऊसाहेब, कागदावर साडेसदतीस आणि जाग्यावर चाळीस. अडीच गुंठे कुणाचे?” असें थोरल्यानें विचारलें. धाकट्याचें म्हणणें, “दादा, मी दगडाला हात लावला असेल तर राजगडाच्या पायथ्याशीं येऊन शपथ घेतों.”

दोघेहि खरें बोलत होते. कागदावरचें क्षेत्र हें नेहमीं सपाटीचें असतें. मोजणीदार उतारावर साखळी जमिनीला टेकवीत नाहीं. ती पाण्याच्या पातळीप्रमाणें आडवी ताणून, पायरी पायरीनें खालीं उतरत जातो. थोरल्यानें टेप जमिनीवर अंथरली होती, म्हणून लांबी अधिक भरली. ती किती अधिक भरते हें उताराच्या कोनावरून निघतें: उतारावरील लांबीला त्या कोनाच्या कोटिज्येनें गुणिलें कीं सपाटीची लांबी मिळते. यंत्रावर ‘कॉस’ अशी जी कळ असते ती हीच कोटिज्या. त्यांच्या तुकड्याचा उतार आम्हीं पूर्वीं एकदां पाहिला होता, तो २० अंश. थोरल्याचा मुलगा कॉलेजांत जाणारा. त्यानें मोबाईलवरील गणकयंत्रांत २० ची कोटिज्या काढली. ती निघाली ०.४०८. चाळीसांस तिनें गुणिल्यावर सोळा गुंठे व वर थोडें. हें ऐकून धाकट्याचा चेहरा उतरला. साडेसदतीसाचे सोळा होणार कीं काय, असें त्यास वाटलें. आम्हीं आमचें जुनें गणकयंत्र कपाटांतून काढलें. त्यानें ०.९५१ असें उत्तर दिलें, म्हणजे अडतीस गुंठे. हें उत्तर कागदाच्या इतकें जवळ होतें कीं आम्हीं तें तेथेंच लिहून देणार होतों. सुदैवानें मुलानें यंत्राच्या कोपऱ्यांतील लहान अक्षरें वाचलीं. त्याचें यंत्र ‘रॅड’वर होतें व आमचें ‘ग्रॅड’वर, ‘डिग्री’वर एकहि नव्हतें. आमच्या यंत्राची कळ आमच्याच हातून केव्हां तरी दाबली गेली असावी. तेव्हां ही तीन मापें काय आहेत तें प्रथम पाहूं.

पहिलें माप अंशाचें, आणि तें आपल्या लोकांस मुळींच परकें नाहीं. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. ३० अंशांची एक रास. पंचांगांत २७ नक्षत्रें आहेत, म्हणून प्रत्येक नक्षत्राच्या वांट्यास १३ अंश २० कला येतात. त्या सगळ्या कलाच केल्या तर ८०० होतात. सूर्य या मार्गावर रोज सरासरी ५९ कला पुढें सरकतो. ८०० ला ५९ नीं भागावें, साडेतेरा येतात. मृग, आर्द्रा, पुनर्वसु हीं नक्षत्रें तेरा-चौदा दिवसांची कां, याचें कारण एवढेंच. “मृग लागला, आतां आर्द्रा निघतील” असें म्हणणारा आपला निरक्षर आजोबा वस्तुतः कोनच मोजीत होता; त्याचें माप मात्र ८०० कलांचें होतें.

या मापांत चूक होते ती एकाच जागीं. १३ अंश २० कला म्हणजे १३.२० अंश नव्हेत. कला साठांच्या आहेत, दशांश दहांचा आहे. आमच्या पिढीला हें आण्यांवरून चटकन् कळतें. १९५७ सालीं आणे गेले. त्यापूर्वीं ३ रुपये ८ आणे म्हणजे साडेतीन रुपये, ३.८ रुपये नव्हेत, हें पोरालाहि समजे. तसेंच येथें. कलांना ६० नीं भागावें, विकलांना ३६०० नीं भागावें, आणि दोन्ही भागाकार अंशांत मिळवावे. २० भागिले ६० म्हणजे ०.३३, म्हणून नक्षत्र १३.३३ अंशांचें. उलट जावयाचें असल्यास दशांश चिन्हापुढील भागाला ६० नीं गुणावें, पूर्णांक आला त्या कला. उरलेल्या अपूर्णांकाला पुन्हां ६० नीं गुणावें, त्या विकला.

दुसरें माप रेडियन, यंत्रावर ज्याला ‘रॅड’ म्हणतात तें. पुस्तकांत याची व्याख्या अवघड वाटते, पण खळ्यावर ती सोपी आहे. खळ्याच्या मधोमध तिवडा असतो व त्याला दावें बांधून बैल फिरतात. शेवटच्या बैलाचें दावें ताठ आहे असें समजा. दाव्याच्या लांबीइतकेंच अंतर तो बैल गोल चालून गेला, तर तिवड्यापाशीं जेवढा कोन झाला तेवढा एक रेडियन. दावें लांब असो वा आंखूड असो, कोन तोच. पुरा एक फेरा म्हणजे अशीं ६.२८३ दावीं. ३६० ला ६.२८३ नीं भागिलें कीं ५७.३ येतात, एक रेडियन म्हणजे सुमारें ५७ अंश १८ कला. रेडियनांचे अंश करावयाचे तर ५७.३ नीं गुणावें, अंशांचे रेडियन करावयाचे तर ५७.३ नीं भागावें.

हें माप पश्चिमेकडून आलें असें आम्ही समजत होतों. नांव तिकडचें आहे खरें. परंतु इ. स. ४९९ मध्यें आर्यभटानें आपली ज्यांची सारणी रचली, तिच्यांत वर्तुळाची त्रिज्या ३४३८ घेतली आहे. हा विचित्र आंकडा कोठून आला? वर्तुळाच्या कला २१६००, त्यांना ६.२८३२ नीं भागावें, ३४३८ येतात. म्हणजे एका रेडियनांत जितक्या कला तितकीच त्यानें त्रिज्या धरली, व दावें आणि फेरा हीं दोन्ही एकाच मापानें मोजलीं.

तिसरें माप ग्रेड. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीनंतर मीटर आणि किलोग्राम आले त्याच लाटेंत काटकोनाचेहि १०० भाग करण्यांत आले. पुऱ्या वर्तुळाचे ४००. एक ग्रेड म्हणजे ०.९ अंश, अथवा ५४ कला. ग्रेडांचे अंश करण्यास नवानें गुणून दहानें भागावें, इतकें हें सोपें. युरोपांतील कांहीं देशांच्या मोजणींत हें माप चालतें. आपल्याकडे मीटर आला, किलोग्राम आला, नवे पैसे आले. कोन मात्र अंशांतच राहिला. ग्रेड केवळ गणकयंत्राच्या एका कळींत लपून बसला आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवितो.

आतां दोघा भावांचा हिशेब पाहूं. मुलाच्या यंत्रानें २० हे अंश न समजतां दावीं समजलीं. बैल तीन फेरे पुरे करून चौथ्या फेऱ्यांत ६६ अंशांच्या आसपास थांबला, आणि यंत्रानें ६६ अंशांच्या कड्याची कोटिज्या दिली. आमच्या यंत्रानें २० हे ग्रेड समजले, म्हणजे १८ अंश. खऱ्या २० अंशांची कोटिज्या ०.९४ आहे, ४० गुणिले ०.९४ म्हणजे ३७.६ गुंठे. कागद खरा होता आणि टेपहि खरी होती. यांतील पहिली चूक ठळक असल्यामुळें पकडतां आली. दुसरी चूक अर्ध्या गुंठ्याहूनहि कमी, ती खपून गेली असती, आणि अशाच चुका वर्षानुवर्षें बांधावर जिवंत राहतात. यंत्र हातीं घेतांच ३० ची ज्या, म्हणजे ‘साईन’, काढून पाहावी. उत्तर बरोबर ०.५ आलें तर यंत्र अंशांवर आहे. रेडियनवर असेल तर वजा चिन्हाचा आंकडा येतो, ग्रेडवर असेल तर ०.४५४ येतो.

त्या तुकड्याचा उतार २० अंश आहे हें आम्हीं कशानें ठरविलें, असें कोणी विचारील. कोनमापक यंत्र आमच्यापाशीं नाहीं. ३३ फुटांची दोरी पाण्याची नळी लावून आडवी ताणावी व तिचें खालचें टोक जमिनीपासून किती उंच राहतें तें पाहावें. बारा फूट भरलें. एकदम बारा फूट काठी धरवत नाहीं, म्हणून साडेसोळा फुटांचे दोन टप्पे करून सहा-सहा फूट मोजलें. बारा भागिले तेहेतीस म्हणजे ०.३६४, ही २० अंशांची स्पर्शज्या, यंत्रावरील ‘टॅन’. आणि याच आंकड्याला शंभरानें गुणिलें म्हणजे उताराची शेंकडेवारी होते: ३६ टक्के. साखळीमागें एक फूट उतार म्हणजे तीन टक्के, हें तोंडीं ठेवण्यास सोपें आहे.

येथें एक मोठा घोटाळा होतो. अंश आणि टक्के यांना पुष्कळ लोक एकच समजतात. शंभर टक्के उतार म्हणजे उभा कडा अशी कित्येकांची समजूत आहे. वास्तविक शंभर टक्के म्हणजे जितकें पुढें तितकेंच खालीं, अर्थात् ४५ अंश. उभ्या कड्याला, म्हणजे ९० अंशांना, टक्केच नाहींत. लहान कोनांपुरता एक सुलभ नियम आहे: अंशांना पावणेदोनानें गुणावें कीं टक्के होतात. १ अंश म्हणजे पावणेदोन टक्के, १० अंश म्हणजे साडेसतरा टक्के. पंधरा अंशांपर्यंत हा नियम चालतो. पुढें तो कमी पडूं लागतो. २० अंशांचे ३५ नव्हेत तर ३६.४ टक्के, ३० अंशांचे ५७.७ टक्के. ‘दहास एक’ असा उतार कोणी सांगितला तर ते १० टक्के, म्हणजे ५ अंश ४३ कला.

आमच्या भोर व वेल्हे भागांत हा प्रश्न केवळ कागदी नाहीं. खालीं गुंजवणी, कानंदी, वेळवंडी, नीरा यांच्या काठीं भाताचीं खाचरें, आणि वर नाचणी-वरईची वरकस जमीन. एखाद्यानें २० अंशांचा उतार कागदावर २० टक्के असा लिहिला, तर तो ११ अंश १९ कलांचा उतार झाला. साखळीमागें बारा फुटांऐवजीं साडेसहा फूट. उतार जितका अधिक तितके बांध जवळ घ्यावे लागतात. कागदावर उतार निम्मा दिसला कीं दोन बांधांमधील अंतर वाढतें, आणि आषाढांतील एका रात्रींत वरचें पाणी वेग घेऊन खालच्या बांधावर येतें. दोष मग बांध घालणाऱ्याच्या माथीं जातो.

सौरपंपाच्या पाट्यांचें असेंच आहे. पाटी दक्षिणेकडे तोंड करून, साधारणतः त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी कलती ठेवितात. आपल्याकडे तें सव्वाअठरा अंश. सहा फूट लांबीच्या पाटीचें वरचें टोक खालच्या टोकापेक्षां १ फूट १०॥ इंच उंच आलें कीं झालें. तेथें १८ टक्के धरले तर पाटी दहाच अंश कलते.

आतां अक्षांश-रेखांशाकडे वळूं. पृथ्वीच्या मध्यापाशीं होणारा कोन, एवढाच या शब्दांचा अर्थ. परंतु तो कोन जमिनीवर किती फूट भरतो हें समजलें म्हणजे त्याची किंमत कळते. आपल्या भागांत दक्षिणोत्तर एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर, एक कला म्हणजे १८४५ मीटर, आणि एक विकला म्हणजे सुमारें १०१ फूट. पूर्वपश्चिम एक विकला थोडी आंखूड, ९६ फूट. म्हणजे कोणत्याहि बाजूस विकलेची लांबी आपल्या तीन साखळ्या! आम्हीं हा हिशेब प्रथम केला तेव्हां आमचेंहि मन हरखलें. आयुष्यभर हाताळलेली साखळी अशी आकाशाच्या मापांत येऊन बसेल असें वाटलें नव्हतें.

यावरून चुकीचा पल्ला पाहा. राजगड किल्ल्याचा अक्षांश सुमारें १८ अंश १५ कला आहे. दशांशांत तो १८.२५. कोणी तो १८.१५ असा लिहिला तर किल्ला दक्षिणेस अकरा किलोमीटर सरकून भोर तालुक्यांत जाऊन पडतो. किल्ल्याचें हंसूं येतें, विहिरीचें येत नाहीं. आमच्या पाहण्यांत एक अर्ज आला होता, त्यांत विहिरीचा अक्षांश १८.२७३० असा लिहिला होता. मोबाईलवरून उतरलेला तो दशांशाचा आंकडा. वर सांगितल्याप्रमाणें ०.२७३० ला साठानें गुणिलें म्हणजे १६.३८, आणि ०.३८ ला पुन्हां साठानें गुणिलें म्हणजे २३. अर्थात् १८ अंश १६ कला २३ विकला, वेल्ह्याच्याच बाजूची जागा. पुढें कोणी तरी तो आंकडा १८ अंश २७ कला ३० विकला असा वाचला, आणि विहीर वीस किलोमीटर उत्तरेस मुठा खोऱ्यांत गेली. अर्ज परत आला, उन्हाळा निघून गेला.

असा आंकडा समोर आल्यास एक परीक्षा करावी. चिन्हापुढील पहिले दोन अंक, किंवा त्यापुढील दोन, साठ वा साठाहून मोठे असतील तर तो खात्रीनें दशांश आहे, कारण साठ कला कधींच नसतात. परंतु २७ व ३० यांसारखे दोन्ही लहान असतील तर आंकडा स्वतः होऊन कांहींच सांगत नाहीं. कांहीं यंत्रें तर तिसरीच रीत वापरतात: १८ अंश १६.३८ कला. म्हणून लिहितांना ‘दशांश अंश’ असे दोन शब्द पुढें लिहावे, अथवा अंश, कला, विकला हीं नांवें पुरीं लिहावीं. टिंबावर भिस्त ठेवूं नये. ई-पीक पाहणीमध्यें, जी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, मोबाईल स्वतःच जागा नोंदवितो, तेथें हा धोका नाहीं. धोका आहे तो हातानें उतरवून काढलेल्या कागदांत.

दशांशांत किती अंक लिहावे हेंहि पुष्कळजण विचारतात. चौथा अंक म्हणजे ३६ फूट, साखळीहून किंचित् अधिक. पांचवा अंक म्हणजे साडेतीन फूट. साखळीचे सोळा आणे, तेव्हां सुमारें पावणेदोन आणे. सहावा अंक चार इंचांचा. दोनच अंक लिहिणारा मनुष्य किलोमीटराच्या घरांत बोलत असतो; त्याचें शेत कोणत्या गांवांत आहे एवढेंच जेमतेम कळतें. विकला पूर्णांकांत लिहिल्या तर दीड साखळी इकडे तिकडे होते, आणि आमच्याकडील कित्येक खाचरें तेवढींहि रुंद नाहींत. म्हणून विकलेचा एक दशांश तरी द्यावा.

मोबाईल सहा-सात अंक दाखवितो म्हणून तो तितका अचूक असतो असें मात्र नाहीं. मोकळ्या आकाशाखालीं साधा मोबाईल कांहीं मीटरांनीं चुकतोच. डोंगराच्या कुशींत व दाट झाडीखालीं अधिक चुकतो. भूमि अभिलेख खात्याचे मोजणीदार आतां रोव्हर यंत्र वापरतात. त्याला जमिनीवर कायमच्या उभारलेल्या केंद्रांकडून सतत दुरुस्ती मिळत असते, म्हणून तें सेंटिमीटरांपर्यंत पोंचतें. दोन्ही यंत्रें उपग्रहांकडेच पाहतात, परंतु दोघांच्या शब्दाची किंमत सारखी नाहीं.

थोरल्या भावाच्या मुलानें उत्साहाच्या भरांत बांधावर उभें राहून मोबाईलचे सहा अंक लिहून आणले होते, व त्यावरून चुलत्याचा दगड दीड हात आंत सरकविण्याची सूचना केली होती. आम्हीं त्याला तेथेंच उभें राहून दहा मिनिटांनीं पुन्हां आंकडा घ्यावयास सांगितलें. पांचवा अंक तीन घरें पलीकडे गेला, म्हणजे दगड न हलवितां दहा-अकरा फूट हलला. दुसऱ्या आठवड्यांत दोघा भावांनीं मिळून मोजणीचा अर्ज केला व फी निम्मी-निम्मी भरली. मोजणी झाली त्या दिवशीं खालच्या अंगाचा जुना दगड, करवंदीच्या जाळींत, जागच्या जागीं सांपडला.